पांढरा कुठं थांबतो: पूलच्या टेबलावरच्या प्रकल्प नोंदी

१ जून

प्रकल्प एवढाच: पॉट झाल्यावर (रंगीत चेंडू पॉकेटात गेल्यावर) पांढरा चेंडू ठरवलेल्या जागी थांबवायचा. पॉट कसा करायचा हा विषय यात नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या पार्लरमध्ये आम्ही खेळतो तिथं लांबून दणकून पॉट मारणारे भरपूर आहेत आणि टाळ्याही त्यांनाच पडतात. पण टेबल साफ करणारा माणूस एकच, तिथले मार्कर (टेबल लावून देणारे, गुण मांडणारे) मामा. गंमत म्हणजे त्यांना अवघड पॉट मारताना मी क्वचितच बघितलंय. त्यांच्या वाट्याला सोपेच चेंडू येतात, कारण आधीच्या शॉटमध्ये त्यांनी तशी सोय करून ठेवलेली असते.

साधनं: आठ फुटी टेबल, सकाळची वेळ (गर्दी नसते, दरही कमी), मोबाईल आणि तो धरायला भाचा. उद्यमनगरातल्या कारखान्यात माझी पाळी दुपारनंतर सुरू होते, तोवर टेबल आमचंच.

दोन नियम घालून घेतले. पहिला, साइड (चेंडूच्या डाव्या-उजव्या अंगाला मारून दिलेली फिरकी) पूर्ण बंद. टिप (क्यूचं, म्हणजे काठीचं टोक) फक्त मधल्या उभ्या रेषेवर, वर किंवा खाली. दुसरा, शॉट मारायच्या आधी पांढरा कुठं थांबणार तिथं वहीचं पान ठेवायचं. पानावर थांबला तर शॉट झाला. चेंडू पॉट होऊन पांढरा पानाबाहेर गेला तर शॉट गेला. भाच्याला हा दुसरा नियम अजिबात पटलेला नाही.

४ जून

कारखान्यातून व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नेला. हसले सगळे. हसू देत.

पूलच्या चेंडूचं प्रमाण माप सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर, वजन १५६ ते १७० ग्रॅम. (स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा. पार्लरमध्ये दोन्ही टेबलं शेजारी असली की हा फरक डोळ्याला कळतो, हाताला कळायला वेळ लागतो.) रंगीत चेंडू साधारण ५७.० भरले. पांढरा मात्र ५६.४. साहजिक आहे, प्रत्येक शॉटला मार खाणारा चेंडू तोच, घासणार तोच. वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळं मिलिमीटरभर झिजला की वजन सव्वापाच टक्क्यांनी उतरतं. म्हणजे आमचा पांढरा बाकीच्यांपेक्षा तीनेक टक्के हलका.

तीन टक्क्यांनी काय होतं? हलका पांढरा स्क्रूला (खाली मारून मागं आणायच्या शॉटला) लगेच मागं येतो आणि फॉलोला (धडकेनंतर पुढं न्यायच्या शॉटला) जीव धरत नाही. सरळ स्टन (फिरकीशिवाय नुसता घसरत आदळणारा पांढरा) मारला तर जागेवर थांबायच्या ऐवजी किंचित मागं सरकतो. या टेबलावर ‘माझा स्क्रू भारी बसतो’ म्हणणाऱ्यांनी आपल्या कौतुकातला थोडा वाटा या झिजलेल्या चेंडूला द्यावा.

मामांना आकडे दाखवले. काही न बोलता त्यांनी काउंटरच्या ड्रॉवरमधून कापडात गुंडाळलेला दुसरा पांढरा काढला. ५७.१. ‘ह्यो मॅचला काढतो,’ म्हणाले. आता प्रकल्पाला हाच.

९ जून

भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा एक गेज केला. पांढऱ्याशेजारी उभा ठेवायचा. खुणा अशा: २८.६ मिलिमीटरवर मध्य. १४.३ आणि ४२.९ वर खालची-वरची हद्द. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येच्या पलीकडं टिप गेली की तिला चॉक कितीही लावा, मिसक्यू (टिप चेंडूवरून घसरणं) ठरलेला. आणि ४० वर एक खास रेघ. पांढऱ्याला उंचीच्या सात दशांशावर मारलं तर तो पहिल्या क्षणापासून घसरत नाही, नुसता लोळत जातो. ४० ची रेघ आणि वरची हद्द यांत जेमतेम तीन मिलिमीटर आहेत. फॉलोसाठी डोक्यावर मारू बघणाऱ्यांनी हे अंतर एकदा नजरेखाली घालावं.

खरी तपासणी चॉकच्या ठिपक्यानं. चेंडू पुसून स्वच्छ करायचा, शॉट मारायचा, ठिपका कुठं उमटला ते गेज लावून बघायचं. भाचा छातीठोकपणे सांगतो की मी अगदी खाली मारला. ठिपका सांगतो मध्याच्या जरा खाली. कारण टिप गोल आहे. खाली मारताना टिपेचं टोक चेंडूला लागत नाही, तिची वरची कड लागते. १३ मिलिमीटरच्या टिपेचा गोलावा धरून गणित केलं. ठिपका १४.३ च्या हद्दीवर उमटायचा असेल तर क्यूचा मध्य कापडापासून नऊएक मिलिमीटरवर हवा, म्हणजे टिपेची खालची कड कापडाला जवळजवळ घासत जाते. आणि ते जमायला क्यू होईल तितका आडवा हवा. पूर्ण आडवा होतच नाही, कारण कुशनचं (टेबलाच्या कडेचं) लाकूड आड येतं. मागचा हात जितका उचलला तितका क्यू चेंडूला कापडात दाबतो.

ब्रिज (क्यू ज्यावर टेकतो तो पुढचा हात) खाली आणायला बोटं पसरून तळवा टेकवा, मनगट उचलू नका. एवढ्यावर भाच्याचे ठिपके खाली सरकले.

१५ जून

स्टॉप शॉट. आज पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा चेंडू घेतला, पट्टा उभा आणि समोरच्या दिशेनं ठेवून. फिरकी उघड दिसते. खाली मारलं की पट्टा उलटा फिरतो, कापड ती फिरकी खात जातं, मग चेंडू काही अंतर नुसताच घसरतो, आणि शेवटी पुढं लोळायला लागतो. समोरच्या चेंडूला तो ‘नुसताच घसरतो’ त्या टप्प्यात भेटला तर सगळा वेग देऊन जागच्या जागी उभा. अलीकडं भेटला तर मागं, पलीकडं भेटला तर पुढं.

म्हणजे स्टॉप शॉटला ठरलेली उंची नाही. वीतभर अंतरावर मध्यावरच मारा. हातभर अंतराला थोडं खाली. टेबलाच्या अर्ध्याहून पुढं असेल तर आणखी खाली, किंवा त्याच उंचीवर जास्त वेगानं. ज्याला अंतर बदललं तरी स्टॉप जमतो त्याला स्टन, छोटा स्क्रू आणि छोटा फॉलो वेगळे शिकावे लागत नाहीत. तो टप्पा थोडा अलीकडं-पलीकडं सरकवला की झालं.

फक्त मध्यावर मंद मारलेला चेंडू बघण्यासारखा आहे. टिपेखालून सुटतो तेव्हा फिरकी शून्य, पण लोळायला लागेपर्यंत त्याचा वेग सात भागांतले पाच भागच उरतो. ‘मी मधेच मारला, तरी पुढं गेला’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तर यातच आहे.

१६ जून

कालचंच. कंटाळवाणं. चहा दोनदा.

२२ जून

वेग. एकही रंगीत चेंडू न मांडता पांढरा नुसता वर पाठवायचा आणि खालच्या कुशनला चिकटवून आणायचा. तरुण पोरं याला सराव मानत नाहीत, आणि माझ्या मते तिथंच त्यांचं अडतं.

कापड लोळणाऱ्या चेंडूला जवळजवळ एकसारखं रोखत असतं, त्यामुळं तो किती लांब जाणार हे वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट तर अंतर चौपट. दहा टक्के जास्त वेग लागला तर अंतर एकवीस टक्क्यांनी वाढतं. आठ फुटी टेबलाचा खेळायचा भाग ८८ इंच लांब. पांढरा दोन लांब्या फिरवायचा असेल तर हातातली दहा टक्क्यांची चूक, कुशनमधली घट सोडून, जवळजवळ मीटरभर होते. लांब फिरणाऱ्या पांढऱ्याचा नेम चुकणार हे गणितातच लिहिलंय. उपाय हात सुधारण्याइतकाच पांढरा कमी फिरवण्याचाही आहे, आणि दुसरा उपाय बिनखर्ची आहे.

हाताचं म्हणाल तर भाच्याचा व्हिडिओ हळू करून बघितला. मागं क्यू भरपूर खेचतो आणि चेंडूजवळ आला की घाबरून ब्रेक लावतो. कधी लवकर लागतो, कधी उशिरा, म्हणून वेग रोज नवा. मागं खेचणंच छोटं करायचं आणि पुढं मोकळं सोडायचं, हे मामांनी सांगितलं. मंद शॉटला ब्रिजही टिपेच्या जवळ आणायचा, म्हणजे क्यूला मागं जायला जागाच राहत नाही.

२९ जून

या प्रकल्पातली सगळ्यात कामाची गोष्ट आज कागदावर उतरली.

पांढरा घसरत (स्टननं) रंगीतावर कोनात आदळला की रंगीत दोघांची मध्यं जोडणाऱ्या रेषेत जातो आणि पांढरा त्या रेषेला काटकोनात. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पांढऱ्याकडं वेग किती उरतो? भूमिती मांडल्यावर उत्तर इतकं देखणं निघालं की दोनदा तपासलं. नेम धरताना पांढऱ्याचा जेवढा भाग रंगीताला झाकत नाही, तेवढाच अंश वेग पांढऱ्याकडं उरतो. पाऊण चेंडू झाकला तर पाव वेग उरतो. हाफ बॉल (निम्मा झाकलेला) लागला तर निम्मा. पाव चेंडू झाकला तर पाऊण. फुल लागला तर शून्य, तोच आपला स्टॉप शॉट.

आता याला बावीस तारखेचं वर्गाचं गणित जोडा. हाफ बॉलला निम्मा वेग म्हणजे चौथाई अंतर. पाऊण बॉलला पाव वेग, म्हणजे सोळावा हिस्सा. पाव बॉलच्या बारीक कटला निम्म्याहून जास्त अंतर पांढऱ्याकडंच राहतं. त्यामुळं बारीक कटवर पांढरा पळतो तो हात जड झाल्यामुळं नव्हे. तो पळणारच होता. त्याला तिथं आवर घालायला जाऊ नका. तसा कट वाट्याला येऊ नये याची तजवीज आदल्या शॉटला करा.

आणि उलटंही तितकंच खरं. सरळ रेषेतला पॉट सगळ्यांना आवडतो, पण त्यात पांढऱ्याकडं काहीच उरत नाही. पुढचा चेंडू दुसऱ्या टोकाला असेल तर लांब स्क्रू किंवा लांब फॉलो, दुसरी वाट नाही. म्हणून पाऊण ते हाफ बॉल यांच्या मधला कोन आपणहून ठेवायचा. पॉट अजूनही सोपा असतो आणि पांढरा थोड्या जोरात, सहज, हव्या दिशेला निघतो.

भाच्यानं मधेच एक सुंदर लांब पॉट केला आणि पांढरा काळ्यामागं (सगळ्यात शेवटी काढायच्या चेंडूमागं) जाऊन लपला. मामा टेबल पुसता पुसता म्हणाले, ‘आरं मर्दा, पॉट म्हंजे डाव बसला. पर डाव बसल्यावर तू वर हाईस का खाली? खाली तूच घावलास तर उपेग काय?’ कुस्तीच्या तालमीच्या गंगावेशीत वाढलेल्या माणसाकडून दुसरी उपमा यायची नाही.

६ जुलै

पाऊस आठवडाभर थांबलेला नाही. पेपरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पहिल्या पानावर. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं.

टेबलावर परिणाम स्पष्ट आहे. कापड दमट, चेंडू लवकर मरतो. जूनमध्ये वर जाऊन परत खालच्या कुशनला येणारा स्ट्रोक आता मधल्या पॉकेटांच्या जरा पुढंच दम टाकतो. दमट कापड फिरकीही लवकर खातं, म्हणून लांबचा स्टॉप शॉट पुन्हा नव्यानं बसवावा लागला. ठिपका आणखी खाली. शिवाय हाताचा घाम, चॉक आणि दमटपणा मिळून चेंडू कळकट होतात. कळकट चेंडूंचं एकमेकांशी घर्षण वाढतं आणि कट मारताना रंगीत नेमाच्या रेषेतून थोडा पुढं ढकलला जातो, पॉट जाड (हवा त्यापेक्षा कमी कोनात) पडतो. मंद स्टनला हे सगळ्यात जास्त जाणवतं. दर फ्रेमला (डावाला) चेंडू कोरड्या फडक्यानं पुसायचे, एवढ्यानं बराच फरक पडला.

मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबलाखाली हीटर असतात. आमच्याकडं मामांची इस्त्री आहे. सकाळी आधी ब्रश, मग लवेच्या दिशेनं इस्त्री. इस्त्री झाल्याझाल्या तासभर टेबल जूनसारखं चालतं.

१३ जुलै

फॉलो, म्हणजे लोळत आलेला पांढरा. इथं काटकोन लागू पडत नाही. धडकेनंतर पांढरा क्षणभर काटकोनातच सुटतो, पण अंगात पुढची फिरकी शिल्लक असते, ती त्याला वळवून पुढं आणते. शेवटी मूळ दिशेपासून तो साधारण ३० अंशांत जातो. पाऊण बॉलला २७ च्या आसपास, हाफ बॉलला ३४, पाव बॉलला परत २७. कोन एवढा बदलूनही उत्तर सातच अंशांत फिरतं. अमेरिकेतले यंत्रअभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सिएटोरे यांनी यासाठी बोटांची युक्ती लोकप्रिय केली: तर्जनी आणि मधलं बोट ताणून इंग्रजी व्ही करायचा, एक बोट नेमाच्या दिशेला, दुसरं दाखवतं पांढरा कुठं जाणार. माझ्या बोटांतला कोन गेजवर तपासून घेतला. जरा जास्त ताणावा लागतो.

फॉलो जोरात मारला तर वळण उशिरा लागतं, वाट समांतर सरकते. मधल्या पॉकेटात पांढरा जाणार की वाचणार हे बऱ्याचदा यावरच ठरतं.

हाफ बॉलच्या आसपास हा कोन सगळ्यात मोठा असतो, आणि म्हणूनच तिथं नेम केसभर हलला तरी पांढऱ्याची वाट फारशी हलत नाही. बिलियर्ड्स खेळणाऱ्यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच हेरलं होतं. त्यांचा इन-ऑफ (आपला चेंडू दुसऱ्याला लागून पॉकेटात जाणं) याच कोनावर उभा आहे. मामांना खेळ शिकवणारा माणूस बिलियर्ड्सवालाच होता. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, भारताचे पहिले जगज्जेते. मामांच्या तोंडी त्यांचं नाव अजून येतं, बहुतेक वेळा आमच्यापैकी कुणीतरी चेंडू हाणल्यावर.

२० जुलै

साइडवरची बंदी उठवली. भाचा बँडबाजा लावल्यासारखा खूश.

तासाभरात खुशी ओसरली. उजवी साइड दिली की पांढरा सुटतानाच किंचित डावीकडं ढकलला जातो. मागचा हात वर असेल तर पुढं जाऊन परत उजवीकडं वळतो. मंद शॉटला वळण जास्त, जोरदार शॉटला ढकलणं जास्त. त्यात क्यूचं पुढचं टोक जड की हलकं यावर ढकलण्याचं माप बदलतं, आणि पार्लरच्या रॅकमधले क्यू एकासारखा एक नाहीत. म्हणजे साइड लावायची तर स्वतःचा क्यू हवा, नाहीतर दर वेळी नव्या माणसाशी ओळख.

फायदा कुठं? कुशनवर. पांढरा ज्या बाजूला पळतोय त्याच बाजूची साइड असेल तर कुशनवरून कोन उघडतो आणि चेंडू टिकून पळतो. उलटी साइड असेल तर कोन मिटतो, वेग मरतो. कुशन लागणार नसेल तर साइड कशाला, असा नियम लिहून ठेवला. आणि कुशनचा कोन नुसत्या वेगानंही बदलतो: जोरात आदळलेला चेंडू आखूड कोनात परत येतो. बरीच कामं तेवढ्यात भागतात.

२७ जुलै

तीन चेंडूंचा खेळ. तीन चेंडू टेबलावर सोडायचे, पांढरा हातानं ठेवायचा, क्रम मोठ्यानं सांगायचा, मग सुरू. तीन का? पहिल्याला हात लावताना तिसऱ्याचा विचार करावाच लागतो.

मधला चेंडू म्हणजे कळीचा. त्याच्यावर कोणत्या बाजूनं यायचं ते तिसरा ठरवतो. पुढच्या चेंडूला चालेल अशी जागा ठिपक्याएवढी नसते, त्रिकोणी पट्टा असतो, चेंडूजवळ अरुंद आणि लांब जाऊ तसा रुंद. पांढरा त्या पट्ट्याला आडवा कापत गेला तर थांबायला वीतभर जागा. पट्ट्याच्या लांबीत शिरला तर वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चालतं. सहा जुलैच्या दमट कापडावरही चालतं, हे विशेष.

पॉकेटचाही उपयोग आहे. कोपऱ्यातल्या पॉकेटाचं तोंड साडेचार इंचांच्या आसपास, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील एवढं. जवळचा पॉट असेल तर पॉकेटाची डावी बाजू धरायची की उजवी हे आपल्या हातात, आणि तेवढ्यानं सरळ पॉटला थोडा कोन मिळतो.

३ ऑगस्ट

मामांची एक पूर्ण फ्रेम त्यांच्या परवानगीनं वरून चित्रित केली. शिडी पार्लरचीच. घरी येऊन पांढऱ्याच्या वाटा आलेख कागदावर काढल्या. शेजारी माझी एक फ्रेम.

त्यांचा पांढरा टेबलाच्या मधल्या भागातून फारसा बाहेर पडतच नाही. दोन कुशन लागलेला शॉट एकच. माझ्या कागदावर रेघांचं जाळं. त्यांनी अर्धे चेंडू स्टननं काढले आणि साइड जवळपास वापरलीच नाही. काळ्याच्या आधीच्या चेंडूवर मात्र त्यांनी पांढरा मुद्दाम लांब थांबवला, जवळ आणता येत असूनही. भाचा म्हणाला, इथं मामा चुकले. विचारलं तर मामा म्हणाले, ‘जवळ आणला असता तर सरळ झाला असता लेका. सरळ घेऊन काळ्यावर जाऊ कसा?’

पुढच्या रविवारी त्या फ्रेममधल्या जागा आलेखावरून मोजून टेबलावर तशाच मांडणार. आधी भाचा काढेल, मग मी, पान ठेवून. ब्रेकचं (डाव फोडायच्या पहिल्या शॉटचं) काम त्यानंतर. त्याला पार्लरच्या मालकांची परवानगी लागेल, सकाळी आवाज नको म्हणतात.